सगुणाबाईंची उसनी भांडी

शेलवंडी गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्याकाठी महादेवाचे देऊळ आहे. चिंतामणगिरी महाराज त्या देवळाच्या ओवरीत राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. गावातल्या सगुणाबाई महाराजांच्या निस्सीम भक्त. त्यांची एकुलती एक मुलगी मैनावती नवऱ्याच्या पश्चात माहेरी परतली होती. वडील पुराणिक, त्यामुळे पोथ्या तिच्या हातात लहानपणापासून. वाचन दांडगे, बोलणे मोजके, आणि कुणापुढे हात पसरायचा नाही हा बाणा.

तो दिवस इतर दिवसांसारखाच उजाडला. मैनावती तुळशीपाशी पोथी उघडून बसली होती. सगुणाबाई बाहेरून आल्या त्या काखेत एक पोचे आलेले, काळे पडलेले पातेले घेऊन.

"हे आता कुणाचं आणलंस?"

"आहे एका घरचं."

"आपल्या फडताळात पितळेची भांडी मावत नाहीत, आणि तू गावभर परात द्या, पातेलं द्या करत हिंडतेस. लोक काय म्हणत असतील?"

"म्हणतात, म्हातारीला मागायची खोड आहे," सगुणाबाई हसल्या. "खोटं नाही ते."

"तुझे महाराज हेच शिकवतात वाटतं? भीक मागायला?"

"हेच शिकवतात बघ." त्यांनी पातेले भिंतीशी ठेवले. तिथे तसलीच आणखी भांडी होती. "तू वाच. मी भाकरी टाकते."

दुपारी मायलेकी जेवल्या. तिन्हीसांजेला सगुणाबाईंनी वाती वळल्या. पहाटे त्या उठल्या नाहीत.

मैनावती खचली नाही, निदान तसे कुणाला दिसले नाही. भेटायला येणाऱ्यांशी ती लाकडे, भटजी, पंगत एवढेच बोले. तेराव्याला कणगीत होते नव्हते ते सगळे धान्य काढून तिने मानकऱ्यांच्या पंगती उठवल्या. नाव झाले. मग तिने कणगी आतून झाडून घेतली, भिंतीशी ठेवलेली सगळी भांडी चिंच लावून लखलखीत घासली आणि विहिरीच्या कट्ट्यावर नेऊन मांडली.

"ज्यांची असतील त्यांनी ओळखून न्यावीत," ती पाणी भरणाऱ्या बायकांना म्हणाली. "आईनं उसनं आणलेलं मी घरात ठेवणार नाही."

बायकांनी आपापले भांडे उचलले. एकीने परात उपडी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. बोलले कुणीच नाही. दुःखातल्या घरच्या माणसाला काय बोलायचे?

काही दिवसांनी मैनावती देवळात गेली. महाराज धुनीपाशी बसले होते.

"महाराज, आईच्या डोक्यावर आता कुणाचं काही राहिलं नाही. मी सगळं फेडलं."

"तू वाचलेली मुलगी," महाराज म्हणाले, "नीट केलं असशील."

एवढ्यात पायरीवर धावती पावले वाजली. खालच्या आळीची ठकूबाई धापा टाकत आली. तिचा नवरा खाणीत दगावलेला, पदरात तीन पोरे. धाकटी तानी तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती.

"बघा वो महाराज, डोळंच उघडंना."

महाराजांनी पोरीला मांडीवर घेतले. पळीने दुधाचा थेंब थेंब तिच्या ओठांत सोडला. बऱ्याच वेळाने तानीने गिळले, डोळे किलकिले केले.

"काय खाल्लं होतं हिनं?"

ठकूबाई खाली बघत राहिली. "चिगळीची भाजी, रानातली. काल नि परवाबी."

महाराज मैनावतीकडे वळले. "हिच्या घरचं पातेलं तुझ्याकडे होतं ना?"

"होतं. विहिरीवर हिनंच ते उचललं. मी घासून परत केलं."

"त्यात काय घातलंस?"

"काही नाही. त्यांचं होतं, तसं दिलं."

महाराजांचा आवाज चढला नाही.

"बाई गं, धान्य नेऊन दिलं की घेणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून तुझ्या आईला मी सांगितलं होतं, सगुणे, तू देऊ नकोस, माग. घरात लेकरं उपाशी असतील तिथं जाऊन भांडं माग. उसनं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, एवढी रीत आपल्याला पुरे आहे. आणि त्या घराचं नाव कुणाजवळ काढू नकोस, पोटच्या पोरीजवळसुद्धा नाही. खळ्यावरचं पहिलं सूप गाव तुमच्या कणगीत टाकायचं, ते कशाला वाटलं तुला?"

ते वडिलांच्या पुराणिकपणाचा मान म्हणून, असे मैनावती आजवर समजत आली होती. या लेकरांचे धान्य तिने मानकऱ्यांना वाढले होते.

"महाराज, कणगी रिकामी आहे. मी स्वतः झाडली."

"कणगीचं मी बघतो. मागायचं काम तेवढं तुझं."

गावातून चालताना तिला वाट सरेना. ठकूबाई तानीला घेऊन पुढे गेली होती. तिच्या दारात मैनावती उभी राहिली. साऱ्या जन्मात तिने दुसऱ्याचे दार याचक म्हणून पाहिले नव्हते.

"पातेलं... द्याल का जरा?"

"परत?" ठकूबाई म्हणाली. "आत्ता कुठं चकचकीत झालंय वो. न्या, न्या."

मग दुसरे दार, मग तिसरे. परात आली, तपेले आले, कान तुटलेली कढई आली. भांडी वाहायला त्या बायकाच मागोमाग निघाल्या. घरी पोहोचतात तो महाराज कणगीपाशी उभे. त्यांनी कणगीवर नुसता हात ठेवला आणि म्हणाले, "काढ खालचं बूच."

मैनावतीने पातेले खाली धरले आणि बूच काढले. ज्वारी आली! पांढरीशुभ्र, टपोरी, जणू आजच मळलेली. पातेले शिगोशीग भरले, परात भरली, कढई भरली. शेवटचे भांडे काठोकाठ झाले तेव्हा धार थांबली. संतांच्या शब्दाला देव असा जागतो!

मैनावती महाराजांच्या पायांवर कोसळली. महाराज दोन पावले मागे सरले.

"माझ्या पाया काय पडतेस? हिनं पातेलं दिलं, म्हणून धार लागली."

मैनावती तशीच वळली आणि तिने ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले. ठकूबाई पाय आखडत म्हणाली, "आवं, काय करता ताई, उठा."

ती उठली नाही. इतक्या दिवसांत एकदाही तिने उच्चारले नव्हते ते, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, ती बोलली.

"माझी आई गेली हो, ठकूबाई. मला एकटीला जमत नाही."