नऊ डेस्कटॉपांचं गाव

एकदा एका वृद्ध नकाशाकाराकडे श्रीरंग नावाचा एक तरुण काम शिकत होता. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका गावाचा नकाशा गुरुशिष्य मिळून संगणकावर तयार करत होते. गाव बुडून दोन पिढ्या लोटल्या होत्या. जुनी मोजणी हाती होती, लोकांनी जपलेली छायाचित्रं होती. पण कोणतं घर कुणाचं, हे सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं. ती ठकूबाई. आणि तिची स्मृतीही आता ओसरू लागली होती.

श्रीरंगचं काम नेटकं. त्यांच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती, आणि तिच्यात एकाच पडद्यावर अनेक डेस्कटॉप, म्हणजे कामाची वेगवेगळी पटलं, ठेवता येतात. एक डेस्कटॉप समोर दिसतो; बाकीचे नजरेआड असतात, पण उघडेच. श्रीरंगने गावाच्या प्रत्येक आळीला एकेक डेस्कटॉप दिला, त्यावर तिथली छायाचित्रं मांडली आणि सगळे डेस्कटॉप वर्णक्रमाने एका ओळीत लावले. आधी कुंभारआळी, मग खालची आळी, मग गुरवआळी.

ठकूबाईला तिचा मुलगा घेऊन आला. श्रीरंग एकेक चित्र दाखवत विचारू लागला. ती बघायची आणि मान हलवायची.

"न्हाई बा आठवत."

"आजी, ही खालची आळी. तुमचं घर इथलंच ना?"

"आत्ता तर कुंभाराच्या भट्टीपाशी हुते. लगेच खाली कशी आले? उडत आले व्हय?"

दुसऱ्या बैठकीतही तेच झालं. जाताना मुलगा हळूच म्हणाला, "सर, उद्या एकदा आणतो, मग नाही. आपलं घर आपल्याला ओळखता येईना म्हणून घरी गेल्यावर ती जेवत नाही."

तो गेल्यावर गुरूने एक विलक्षण गोष्ट केली. श्रीरंगची ती सुबक ओळ त्याने मोडून टाकली.

"नऊ रिकामे डेस्कटॉप कर," तो म्हणाला. "आडव्या तीन रांगा, एकेका रांगेत तीन. वर उत्तर."

"सर, आळ्या तर आठच आहेत."

"मधला मोकळा राहू दे."

"मधली जागा मोक्याची. तिथे निदान सूची ठेवू?"

"काही ठेवू नकोस."

श्रीरंगला ते पटलं नाही. इतक्या दिवसांची मेहनत विस्कटणं त्याच्या जिवावर आलं. तरी जुन्या मोजणीप्रमाणे ज्या आळीची जी दिशा, तिथे त्याने ती नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई आली, तेव्हा गुरूने एकही नाव विचारलं नाही. पडद्यावर गुरवआळीतलं देऊळ होतं. तो म्हणाला, "ठकूबाई, देवदर्शन झालं. आता घरी कसं जायचं?"

"कसं म्हंजे? चला की. आधी खाली."

श्रीरंगने खालच्या बाणाची कळ दाबली. देऊळ वर सरकलं आणि पडदा एकदम मोकळा झाला. ओशाळून तो घाईघाईने पुढची कळ दाबणार, एवढ्यात ती ओरडली,

"थांब की मेल्या! पारावर न बसता कुणी जातं व्हय?"

ती त्या रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. मग बोटाने दाखवू लागली. इथं राणू सुतार बसायचा, तंबाखू दुसऱ्याचीच खायचा. इथं पाटलाची कुत्री. ह्या अंगाला बायका, घागरी टेकून. श्रीरंग लिहीत सुटला. बघता बघता डावं-उजवं, वर-खाली करत ती सगळ्या गावातून चालली, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तिला नाव सापडत गेलं.

गुरू हलक्या आवाजात म्हणाला, "श्रीरंगा, गाव मनात पावलांनी साठतं. प्रत्येक घर शेजारच्या घराला धरून उभं असतं. आपण तो शेजार तोडला, म्हणून तिला तिचं घरही दिसेनासं झालं. तो परत जोडून दिला, इतकंच आपण केलं. आणि गावाला बसायला मोकळी जागा नको?"

पूर्वेच्या कडेला, खालच्या आळीत ती थबकली. काचेवर तळवा ठेवून म्हणाली, "ह्ये माझं. दारात शेवगा हुता."

मुलाने तोंड फिरवून डोळे पुसले. गुरूने एक कळ दाबली आणि नऊही डेस्कटॉप लहान होऊन एकत्र समोर आले. पाणी ओसरावं आणि तळाचं गाव अलगद वर यावं, तसं. या गावावर महिनोन् महिने काम करूनही श्रीरंगने ते आज प्रथमच पाहिलं होतं.

पडदा पुन्हा घरावर आला. ठकूबाई म्हणाली, "आता पुढं."

त्याने उजवा बाण दाबला. पडदा हलला नाही. ती कडेची आळी होती. "थांबा आजी," तो गडबडीने म्हणाला, "शेवटाकडून परत पहिल्याकडे जायची सोय असते, ती चालू करतो."

"कसली सोय? पुढं नदी हाय."

एवढं बोलून तिने त्या न हलणाऱ्या पडद्याला हात जोडले. जिने गाव घेतलं, तिलाच. श्रीरंगचा हात कळीवरून आपोआप निघाला.

तेव्हापासून गेलेल्या माणसाविषयी कुणाला विचारायचं झालं, तर श्रीरंग नावगाव मागत नाही. ते कोणत्या वाटेने घरी यायचे, एवढंच विचारतो.