शिंजीची मैत्रीण आणि धुळीने भरलेली निळी गाडी

बसलात का मांडीवर? नीट बसा. पाय हलवायचे नाहीत. बरं, थोडेसे हलवा.

ही गोष्ट आहे जुनी. तेव्हा आमच्या अख्ख्या गल्लीत एकच गाडी होती. निळी निळी. गोलमटोल. दार लावलं की वाजायचं, धाडकन!

गाडी होती दामूआजोबांची आणि इंदूआजीची. ती उभी असायची शेवग्याच्या झाडाखाली. आणि झाडावर राहायची शिंजी.

शिंजी म्हणजे शिंजीर पाखरू. केवढं? एवढंसं! बाबांच्या अंगठ्याएवढं. चोच बाकदार. फुलात चोच घालायची, मध प्यायची. सुर्रर्र!

दर रविवारी आजोबा गाडी धुवायचे. स्वतः धुवायचे. बाह्या वर करून. मग आजी छान पातळ नेसून पुढे बसायची. दोघं जायची नदीच्या पुलावर. उकडलेल्या शेंगा खायची. गप्पा मारायची. घरी यायची. काय छान दिवस होते ते!

शिंजीची तर रोजच मजा. गाडीला बाहेरून एक आरसा होता. गोल गोल. सकाळ झाली की शिंजी यायची. भुर्र भुर्र! आरशात बघायची. आरशात कोण? एक मैत्रीण! तशीच चोच. तसेच डोळे. शिंजीने मान वाकडी केली, की तीही मान वाकडी करायची. शिंजीने पंख फडफडवले, की तीही पंख फडफडवायची.

तुम्हाला कळलं ना, ती कोण? शिंजीला सांगू नका हं.

मग काय झालं, एकदा आजीचा गुडघा दुखला. एक रविवार गेला. गाडी धुतली नाही. दुसरा रविवार गेला. गुडघा बरा झाला. पण गाडी काही धुतली नाही. तिसरा गेला. चौथा गेला. सवय एकदा मोडली की मोडतेच बाई.

गाडीवर धूळ बसली. धुळीवर फुलं पडली. फुलांवर पानं पडली. टपावर कावळ्याने पण काहीतरी केलं. काय केलं, ते मी सांगणार नाही.

आणि एका रविवारी सकाळी शिंजी आली. भुर्र भुर्र! आरशात बघते तर काय? आरसाच दिसेना. नुसती धूळ, धूळ, धूळ!

मैत्रीण गेली. शिंजीला रडूच आलं.

शिंजी म्हणाली, "आरशा, आरशा, माझी मैत्रीण दे."

आरसा म्हणाला, "देईन की! पण माझं तोंड बघ, किती मळलंय. फडकं मला पुसेल, तर मी चमकेन. जा, फडक्याला सांग."

शिंजी उडाली. भुर्र भुर्र! चिवीट चिवीट!

पडवीत खिळ्याला होतं एक फडकं. आजोबांच्या जुन्या धोतराचं. मऊ मऊ.

शिंजी म्हणाली,
"फडक्या, फडक्या, आरसा पूस!
आरसा चमकेना,
मैत्रीण दिसेना,
मी एकटी!"

फडकं म्हणालं, "कोरडंच पुसू? छे छे! कोरडी धूळ, कोरडं फडकं, कर्र कर्र ओरखडे! पाणी घालून आधी धूळ काढायची असते. मग मला भिजवायचं असतं. बादली पाणी देईल, तर मी पुसेन. जा, बादलीला सांग."

बघा, फडकं किती शहाणं!

शिंजी उडाली. भुर्र भुर्र! चिवीट चिवीट!

मोरीजवळ पालथी पडली होती बादली. पत्र्याची. शिंजी तिच्यावर बसली. टण्ण!

शिंजी म्हणाली,
"बादली, बादली, पाणी दे!
फडकं पुसेना,
आरसा चमकेना,
मैत्रीण दिसेना,
मी एकटी!"

बादली म्हणाली, "कुठून देऊ? पोट माझं रिकामं. वाजवून बघ, टण्ण टण्ण! नळ वाहील, तर मी भरेन. जा, नळाला सांग."

शिंजी उडाली. भुर्र भुर्र! चिवीट चिवीट!

अंगणात होता नळ. पितळी. नाकातून एकच थेंब गळत होता. टिप्! टिप्!

शिंजी म्हणाली,
"नळा, नळा, पाणी सोड!
बादली भरेना,
फडकं पुसेना,
आरसा चमकेना,
मैत्रीण दिसेना,
मी एकटी!"

नळ म्हणाला, "सूं सूं! पाणी आहे गं पोटात. पण माझा कान कोण पिळणार? कान पिळल्याशिवाय मी वाहत नाही. आजोबा उठतील, तर मी वाहीन. जा, आजोबांना सांग."

शिंजी उडाली. भुर्र भुर्र! चिवीट चिवीट!

आजोबा ओट्यावर खुर्चीत बसले होते. पेपर वाचत होते. पेपर होता कालचा.

शिंजी म्हणाली,
"आजोबा, आजोबा, उठा उठा!
नळ वाहेना,
बादली भरेना,
फडकं पुसेना,
आरसा चमकेना,
मैत्रीण दिसेना,
मी एकटी!"

आजोबा म्हणाले, "गाडी धुवू? कशाला धुवू? धुवायची कुणासाठी? पुढच्या सीटवर इंदू काही बसत नाही आता. ती बसेल, तर मी उठेन. जा, आजीला सांग."

आणि पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. सळ्ळ्!

शिंजी उडाली. भुर्र भुर्र! चिवीट चिवीट!

आजी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. एक काडी इकडे. एक पान तिकडे.

शिंजी खिडकीत बसली. दमली होती बिचारी. म्हणाली,
"आजी, आजी, गाडीत बस!
आजोबा उठेनात,
नळ वाहेना,
बादली भरेना,
फडकं पुसेना,
आरसा चमकेना,
मैत्रीण दिसेना,
मी एकटी!"

आजीचा हात थांबला. मेथीची काडी हातातच राहिली.

आजी म्हणाली, "बसेन की गं! गुडघा कधीच बरा झाला. पण मला कुणी 'चल' म्हटलंच नाही. मी आपणहून कशी जाऊन बसू? ते 'चल' म्हणतील, तर मी बसेन. जा, आजोबांना सांग."

अरेच्चा! आजोबा म्हणतात आजीला सांग. आजी म्हणते आजोबांना सांग. आता शिंजीने काय करावं? तुम्ही सांगा!

शिंजीने दोन वेळा चोच पुसली. मग उडाली. भुर्र भुर्र! चिवीट चिवीट!

आणि थेट बसली कुठे? आजोबांच्या पेपरवर! वरच्या काठावर. नाकासमोर!

शिंजी म्हणाली,
"आजोबा, आजोबा, 'चल' म्हणा!
'चल' कुणी म्हणेना,
आजी बसेना,
आजोबा उठेनात,
नळ वाहेना,
बादली भरेना,
फडकं पुसेना,
आरसा चमकेना,
मैत्रीण दिसेना,
मी एकटी!"

आजोबांनी पेपर खाली ठेवला.

"मी 'चल' म्हटलं नाही?" आजोबा म्हणाले. "खरंच की! मला वाटलं, तिचा गुडघा दुखत असेल. उगाच कशाला आग्रह करायचा? तिला वाटलं असेल, मलाच कंटाळा आला. हात्तिच्या!"

आजोबा उठले. चप्पल घातली. फटक् फटक्, फटक् फटक्. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"अगं..."

"काय हो?"

"अगं, ते आपलं हे..."

"कुठलं हे?"

एवढे मोठे आजोबा! आजीपुढे लाजले. शिंजी त्यांच्या खांद्यावर बसली. कानाला चोच लावली. टुच्च!

"आई गं! चल!" आजोबा म्हणाले.

"कुठे?"

"पुलावर. शेंगा खायला. माझ्याबरोबर."

आजीने मेथीवर ताट झाकलं. पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "येते की! पण गाडीचा अवतार बघा आधी. असल्या गाडीत मी नाही बसणार. चला, बाह्या वर करा!"

मग काय झालं? सांगते.

आजी हसली.
आजोबांनी कान पिळला.
नळ वाहिला. सूंऽऽऽ!
बादली भरली. डुब डुब डुब!

आजोबांनी गाडी आणखी सावलीत ढकलली. उन्हात धुतली की पाणी लगेच सुकतं, डाग पडतात. ते त्यांना आठवत होतं. बाकी सगळं विसरले होते! खिळ्याला मऊ फडक्यामागे आणखी एक लटकत होतं. ते काळं होतं. आजोबांनी उचललं काळं, आणि निघाले टप पुसायला.

"अहो! अहो! ते चाकांचं!" आजी पायरीवरून ओरडली. "त्यात खडे असतात. रंग जाईल की! मऊ घ्या. आणि आधी नुसतं पाणी ओता. आधी टप, मग काचा, मग दारं, चाकं सगळ्यात शेवटी. आता हेही मीच सांगायचं का?"

"सांग, सांग," आजोबा म्हणाले. त्यांना फार बरं वाटत होतं.

टपावर पाणी पडलं. झप्प! कावळ्याचं ते गेलं. पानं गेली. फुलं गेली. साबणाचा फेस आला. फेसाचे फुगे झाले. एक फुगा शिंजीच्या चोचीवर फुटला. फट्!

"आरसा! आरसा!" शिंजी म्हणाली.

"थांब गं बाई," आजी म्हणाली. "वरून खाली यायचं असतं. येतोय आरसा."

शिंजी थांबली. एका पायावर थांबली. मग दुसऱ्या पायावर थांबली. फार कठीण असतं थांबणं, हो ना?

"इथे राहिलं," आजी म्हणायची.

"कुठे?"

"तिथे."

"तिथे कुठे?"

"अहो, तुमच्या नाकासमोर!"

मग आजीने छोटा झाडू घेतला आणि गाडीच्या आत शिरली. खर खर, खर खर. सीटखालून वाळू निघाली. शेंगांची टरफलं निघाली. आणि एक लाल रिबीन निघाली. त्यांच्या लेकीची, सुमनची. सुमन एवढीशी होती तेव्हा मागे उभी राहून सगळ्या बैलांना टाटा करायची. आता तिलाच दोन मुलं होती. आजीने रिबीन हातावर गुंडाळली, आणि थोडा वेळ आतच बसून राहिली.

"काय गं?" आजोबांनी काचेतून विचारलं.

"काही नाही. पुसा तुम्ही. तिथे राहिलं."

टप झाला. काचा झाल्या. आणि आला आरसा!

फडकं भिजलं. आजोबांनी पिळलं. आरशावर फिरवलं, गोल गोल गोल. मग आणखी एका कोरड्या फडक्याने, गोल गोल गोल. आरसा चमकला. लख्ख!

शिंजी आली. भुर्र भुर्र! हळूच बघितलं.

आणि आरशात कोण?

मैत्रीण! तशीच चोच. तसेच डोळे. डोळ्यांत पाणी पण तसंच.

"चिवीट!" शिंजी म्हणाली. "कुठे गं होतीस? किती शोधलं तुला! फडक्याला सांगितलं. बादलीला सांगितलं. नळाला सांगितलं. आजोबांना सांगितलं. आजीला सांगितलं. पुन्हा आजोबांना सांगितलं."

मैत्रीणही चोच हलवत होती. तिलाही खूप सांगायचं होतं.

दारं झाली. सगळ्यात शेवटी चाकं झाली. काळ्या फडक्याने, बरं का. आजोबांनी शर्ट बदलला. आजीने पातळ बदललं. आजोबांनी तिच्यासाठी दार उघडलं. आजी पुढे बसली. धाडकन! आजोबा बसले. धाडकन! किल्ली लावली.

"थांबा," आजी म्हणाली.

"आता काय राहिलं?"

आजीने आरशाकडे बोट दाखवलं. शिंजी अजून बोलतच होती. चिवीट चिवीट, चिवीट चिवीट.

"आपण निघालो तर तिची मैत्रीण जाईल," आजी हळू आवाजात म्हणाली. "बोलू दे तिला पोटभर."

"अगं, शेंगावाला उठून जाईल."

"जाऊ दे. न बोलता इतके रविवार घालवले आपण. तिचं बोलणं कशाला तोडायचं?"

आजोबांनी किल्लीवरचा हात काढला. तो आजीच्या हातावर ठेवला.

आणि दोघं तशीच बसून राहिली, चकचकीत निळ्या गाडीत, शिंजीचं बोलून होईपर्यंत.