काचेआधीची खोली

“…आणि दार उघडून आत आल्यावर?” लुदरचंद मिस्त्रींनी विचारलं.

“आत आल्यावर समोर शिखर,” शाल्मली म्हणाली. “जमिनीपासून छतापर्यंत काच. बत्तीस फूट.”

म्हातारा नकाशाकडे बघत राहिला.

शाल्मली देवस्थळी पुण्याची. समुद्रकाठी तिनं बांधलेली दोन हॉटेलं बघायला विद्यार्थ्यांच्या सहली जात. कुल्लूच्या वरच्या अंगाला, धारठाचच्या उतारावर, स्कीइंगला येणाऱ्यांसाठी हॉटेल उभारायचं होतं. ते काम तिनं मागून घेतलं होतं.

लुदरचंद तिथलेच, सत्तरी उलटलेले. लाकूड आणि दगडाचे थर एकावर एक रचून, सिमेंटचा कणही न वापरता भिंत उभी करणारे त्या खोऱ्यात दोघे-तिघेच उरले होते. त्यांतले ते एक. भिंती त्यांच्याच हातच्या हव्यात, असं मालकांनी बजावलं होतं. म्हणून शाल्मली नकाशा घेऊन आली होती. दाखवायला. विचारायला नव्हे.

तिनं सगळं सांगितलं. आरशासारखी काळी फरशी, तिच्यात शिखराचं प्रतिबिंब. उंच दार. मधोमध काहीच नाही, नजर कुठे अडता कामा नये.

“बर्फावरून कधी घसरलीस, बेटी?”

तिनं नाही म्हटलं. वर हेही म्हणाली, की दवाखाना बांधणारा काही आधी आजारी पडून बघत नाही.

लुदरचंद हसले नाहीत. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली.

“उद्या वर जाऊन ये. मग भिंतीचं बोलू.”

ती मनातून चिडली. पण त्यांच्यावाचून भिंत उभी राहणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती दोरावरच्या लिफ्टनं वर गेली. शिकवणाऱ्यानं पायांत शिशासारखे जड बूट चढवले, त्यांना स्कीच्या लांब पट्ट्या अडकवल्या आणि उतार दाखवला. खाली पोचेपर्यंत ती अकरा वेळा पडली. मधेच वारा सुटला. हातमोज्यांत बर्फ गेला. शेवटचा टप्पा तिनं स्की काखेत घेऊन, टाचांवर झुलत चालत काढला.

खाली कामाच्या जागेवर एक पत्र्याची शेड होती. तिनं खांद्यानं दार ढकललं. आत तंदूर पेटला होता. लाकडं जाळायची लोखंडी शेगडी, तिकडे तिला तंदूरच म्हणतात. शेगडीजवळ लुदरचंद बसले होते.

दाराशी सरपणाचा ढीग होता, त्यावर शाल्मली कोसळलीच. बुटांचे चाप उघडायला गेली. बोटं वळेनात.

लुदरचंद उठले. तिच्यासमोर जमिनीवर बसले. एकेक चाप उघडून त्यांनी दोन्ही बूट काढले आणि तिचे पाय तंदूरच्या बाजूला वळवून ठेवले.

त्यांनी तंदूरमध्ये आणखी दोन लाकडं सारली.

मग त्यांनी विचारलं, “या शेडला खिडकी आहे का?”

तिनं मान वर केली. खिडकी होती. तिच्या अगदी समोर. आत शिरताना ती तिला दिसलीच नव्हती. आणि तिच्यात, वारा पडून उघडं झालेलं, अख्खं शिखर.

शाल्मलीला एकदम रडू आलं. ते बोटांत परतणाऱ्या कळांमुळे, की आणखी कशामुळे, ते तिला त्या क्षणी सांगता आलं नसतं.

त्याच आठवड्यात तिनं नकाशा नव्यानं काढला. मालक बिथरले. जाहिरातीत काचेचं चित्र छापून झालं होतं. ती म्हणाली, काच राहील, पण माणूस आधी बसेल. नाहीतर दुसरा कुणी शोधा. दोन दिवसांनी मालक हो म्हणाले.

पुढे दोन हिवाळे काम चाललं. भिंती लुदरचंदांनी उभ्या केल्या. शाल्मली रोज त्यांच्याबरोबर दगड निवडायला बसे. त्यांना ती उस्ताद म्हणू लागली होती.

हॉटेल सुरू झालं त्याच्या तिसऱ्याच दिवशी, भर दुपारी, वादळ आलं. लिफ्ट थांबली. उतारावर चौऱ्याहत्तर माणसं होती. ती एकमेकांना धरून खाली आली आणि बुटक्या जाड दारातून आत शिरली.

आत मंद उजेड होता. पायाखाली खरबरीत दगड, आतून ऊब दिलेला. कुणी घसरलं नाही. भिंतींना लागून देवदाराचे रुंद बाक होते आणि मधोमध भला मोठा तंदूर. कुणाला काही सांगावं लागलं नाही. माणसं बसली, बूट निघाले, ओले मोजे तंदूरभोवतीच्या कठड्यावर चढले. चंदिगढहून आलेले एक आजोबा अनोळखी बाईच्या बुटाचे चाप उघडत होते. शाल्मलीनं चौऱ्याहत्तर डोकी मोजली. पुन्हा मोजली. सगळी होती.

संध्याकाळकडे वारा पडला. अंगात ऊब आलेली माणसं एकेक करून उठली, अनवाणी तीन पायऱ्या चढून वर गेली, भिंतीचं वळण ओलांडलं…

काचेत शिखर पेटलं होतं. तांबूस, सोनेरी, कड्यापासून कड्यापर्यंत.

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळी खोली दणाणली. मालकांनी शाल्मलीला हात धरून पुढे आणलं. लहानपणी शर्यत जिंकल्यावर यायचा तसा तिचा ऊर भरून आला होता.

पण लुदरचंद त्या गर्दीत नव्हते. ती धावतच बाहेर आली.

ते गुडघाभर बर्फात उभे राहून भिंतीवरून तळहात फिरवत होते.

“उस्ताद,” ती धापा टाकत म्हणाली, “काही राहिलं का?”

म्हाताऱ्यानं हॉटेलाकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. बर्फाखाली छप्पर शांत होतं. धुराड्यातून धूर निघत होता. आतून हसण्याचे आवाज येत होते.

“राहिलंय,” ते म्हणाले. “आता याला जुनं होऊ दे.”