मिटलेलं कमळ

फार पूर्वी, प्राण्यांना अक्षर ठाऊक नव्हतं, तेव्हा रानातल्या झाडांवर खुणा कोरायचं काम एका सुतारपक्ष्याकडे होतं. एकदा तिथल्या डोहाचं पाणी विषारी झालं. सुतारपक्ष्याने काठच्या झाडावर मोठ्या हौसेने मिटलेलं कमळ कोरलं.

"हे काय रे?" साळिंदराने विचारलं.

"कमळ मिटलंय, म्हणजे पाणी बंद. सुंदर आहे ना?"

"आहे की. पण तू सांगितलंस म्हणून कळलं."

"कळेल हळूहळू सगळ्यांना," म्हणत सुतारपक्षी उडून गेला.

उन्हाळ्यात दूरच्या रानातून एक हरिणी तहानलेल्या पाडसाला घेऊन आली. पाडस आधी प्यायलं आणि कोसळलं, ते उठलंच नाही.

सुतारपक्षी धावून आला. "अगं, खूण नाही का पाहिलीस?"

"पाहिली ना," हरिणी म्हणाली. "कमळ दिसलं, म्हणूनच त्याला म्हटलं, पी बाळा."

सुतारपक्ष्याने कमळ खरवडून काढलं आणि तिथे पाय ताठ करून पडलेलं पाडस कोरलं. ती खूण कुणालाच समजावून सांगावी लागली नाही. प्राणी लांबूनच वळू लागले. पण कुणी तिचं कौतुक केलं, की सुतारपक्षी मान फिरवून घ्यायचा.