श्रावणातलं उघडं रान

एकदा एक शिष्य पेढ्यांचा पुडा घेऊन आपल्या जुन्या गुरुजींच्या भेटीला आला. गुरुजींनी पुडा हातात घेतला, पण तो कसला हे कळल्यावर तसाच कोनाड्यात ठेवून दिला.

शिष्य कोकणातला, भाताच्या खाचरांत वाढलेला. तिथल्याच शेतकी शाळेत गुरुजींनी त्याला माती शिकवली होती. पुढे उन्हापासून वीज करणाऱ्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली. जमीन पाहायची, फोटो काढायचे आणि ती कशी आहे ते कागदावर लिहायचं, हे त्याचं काम. गुरुजी निवृत्त होऊन घाटावर आपल्या मूळ गावी परतले होते. गाव काळ्याभोर मातीचं. तिथली तीनशे एकर जमीन एका देवस्थानाची होती आणि बावीस घरं ती पिढ्यान्‌पिढ्या कसत आली होती. देवस्थानाचा नियम असा, की जमीन पडीक असेल तरच ती दुसऱ्या कुणाला देता येते. शिष्याने ती जमीन श्रावणात पाहिली आणि कागदावर लिहून दिलं: पडीक.

“तीनशे एकर एका झटक्यात मंजूर झाली, गुरुजी,” तो आनंदाने म्हणाला. “आणि जमीन नेमकी तुमच्याच गावची निघाली. तुम्ही शिकवलंत म्हणून हे दिवस आले.”

गुरुजींनी पुडा कोनाड्यात सारला. मग विचारलं, “श्रावणात इथं येऊन गेलास आणि घरी नाही आलास?”

“पाऊस होता हो. गाडी रुतली असती. आणि चिखल असा, की टाकलेला बूट वर येईना. मग रस्त्यावरूनच पाहिलं सगळं.”

रस्त्यावरूनच. मला या शब्दाचा फार संताप येतो. पण गुरुजी रागावले नाहीत, तेव्हा मीही गप्प बसतो.

गुरुजी उठले. डब्यातली मूठभर ज्वारी त्यांनी उपरण्यात बांधली आणि शिष्याला घेऊन रानाकडे निघाले. आश्विन लागला होता, पाऊस जाऊन पंधरा दिवस झाले होते. रानाभोवती तारेचं कुंपण पडलं होतं आणि आत ट्रकमधून लोखंडी खांब उतरत होते. कुंपणाबाहेर गोदाक्का बियाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बावीस घरांपैकी एक घर तिचं. साहेबाला पाहून ती उठून उभी राहिली.

“साहेब, आमचं रान नापास झालं म्हनत्यात,” ती म्हणाली. “काय चुकलं वो त्याचं?”

शिष्य फाटकाकडे वळला. पहारेकऱ्याने साहेब म्हणून त्याला आत सोडलं, मागोमाग गुरुजींना. खांबांच्या राशींपलीकडे गुरुजी खाली बसले. वरची माती सुकून भेगाळली होती. त्यांनी ती हाताने बाजूला सारली, बोटाने चार बोटं खोल भोकं पाडली, त्यांत दाणे टाकले आणि माती लोटून घेतली. हातभर जागेत अशा त्यांनी तीन ओळी पेरल्या.

“परवा तर इथं यंत्रं येणार आहेत, गुरुजी.”

“तुझी ओळख आहे ना? एवढा कोपरा आठ दिवस राखायला सांग.”

“बरं. मग पाणी आणू का थोडं?”

“थेंबसुद्धा घालायचा नाही. आठ दिवसांनी ये.”

म्हातारपणी माणसाचं असं होतं, असं मनाशी म्हणत शिष्य परत गेला. पण कोपरा राखायची व्यवस्था त्याने केली.

ते आठही दिवस ऊन रणरणत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. नवव्या दिवशी शिष्य आला तेव्हा रानात जिकडेतिकडे खांब उभे राहिले होते आणि त्या कोपऱ्यात ज्वारीच्या तीन हिरव्या ओळी वर आल्या होत्या. गुरुजी शेजारी बसले होते.

“पाणी कुणी घातलं?” शिष्याने विचारलं.

“कुणी नाही. तू रस्त्यावर उभा राहून फोटो काढत होतास ना, त्या दिवशीचा पाऊस आहे हा. ही माती पावसाळाभर पाणी पिते आणि पोटात धरून ठेवते. म्हणून आम्ही पावसाळ्यात इथं काही पेरत नाही. पाऊस सरला की ज्वारी पेरतो. वरून थेंब पडला नाही तरी ती साठवलेल्या ओलीवर पिकते. तुमच्याकडे श्रावणात खाचर मोकळं दिसलं की ते टाकलेलं असतं. इथं श्रावणात रान मोकळं दिसतं ते कामात असतं. तुझ्या फोटोत गवताची एक काडी तरी दिसते का रे? पडीक रानात कुसळं माजतात, बाभळी उठतात. हे रान स्वच्छ होतं, कारण गोदाक्का आणि तिच्यासारखी माणसं पावसाची उघडीप मिळाली की कुळव घालून तण काढत होती. त्यांच्या कष्टालाच तू पडीक म्हणालास.”

शिष्याची मान खाली गेली.

“वीज नको असं मी म्हणत नाही. तो पलीकडचा माळ बघ. नुसता मुरूम आहे, कुसळापलीकडे काही उगवत नाही. ऊन तिथंही एवढंच पडतं. खांब तिथं रोवले असते तर गाव मदतीला आलं असतं. चूक माझीही आहे. मी तुला भाताची माती शिकवली, ही शिकवायची राहिली. पण विचारायचं कसं, ते तरी शिकवलं होतं.”

शिष्य तडक देवस्थानाच्या कचेरीत गेला. चूक झाली, कागद बदला, म्हणून त्याने हात जोडले. तिथल्या कारभाऱ्याने त्याच्यापुढे त्याचाच फोटो ठेवला.

“रान उघडं आहे. खाली सही तुमची आहे. करार झाला, निम्मे खांब उभे राहिले,” कारभारी शांतपणे म्हणाला. “आता काय बदलायचं?”

संध्याकाळी तो रानात परतला तेव्हा गुरुजी तिथेच होते. त्याचा चेहरा पाहून त्यांनी ज्वारीच्या ओळींकडे बोट दाखवलं.

“उपट,” ते म्हणाले.

“गुरुजी…”

“इथं काही पिकत नाही असं तू लिहिलंयस. सकाळी खडीची गाडी येईल. निदान तुझा कागद तरी खरा होऊ दे.”

शिष्य गुडघ्यांवर बसला. त्याने एक रोप उपटलं. मुळाशी काळी, ओली माती लगडून आली आणि त्याच्या बोटांना चिकटली. दुसऱ्या रोपाला त्याचा हात लागेना. तो तिथेच रडू लागला.

उरलेली रोपं गुरुजींनी स्वतः उपटली, एकेक करून, कारण ती खडीखाली गेलेली त्यांना पाहवली नसती. त्यांनी ती उपरण्यात बांधली. कुंपणाबाहेर गोदाक्का अजून पिशवी घेऊन बसली होती. तिने आत पाहिलं आणि पिशवीचं तोंड बांधून टाकलं.

“गुरुजी, मी आता काय करू?” शिष्याने विचारलं.

“घरी चल. कोनाड्यातला पुडा घे आणि बावीस घरी वाट. पेढे कसले म्हणून कुणी विचारलं, तर खरं काय ते सांग.”

शिष्याने बूट काढून हातात घेतले आणि तो अनवाणी त्यांच्या मागून चालू लागला. पहिलं घर गोदाक्काचं होतं.

तुमच्यापैकी कुणाला उद्या एखादं रान रिकामं आहे असं लिहून द्यायचं असेल, तर आधी त्याच्या चिखलात उतरा, आणि ते कोण कसतं त्याला विचारा.