सीटखालचे अण्णा

गाड्यांची यंत्रं आपसांत बोलायची, तेव्हाची गोष्ट. हणमंत मिस्त्रीनं गाडीतला जुना टेप काढून नवा बसवला. दारांतले स्पीकर आणि सीटखालचा अँप्लिफायर जुनेच ठेवले. नवा टेप जीव तोडून गायला, पण आवाज काही फुटेना.

"मेलात काय रे थेरड्यांनो?" तो स्पीकरांवर खेकसला.

"अँप्लिफायर अण्णा सीटखाली निजलेत," स्पीकर कुजबुजले. "तुझ्यापासून त्यांच्याकडे जाते त्या निळ्या तारेवरून त्यांना हाक मार, बाबा. ते उठल्याबिगर आम्हाला कंठ नाही."

"मी? त्या म्हाताऱ्याला?"

तेवढ्यात मिस्त्री पुटपुटला, "हा मुकाच दिसतोय, काढावा."

टेपानं घाईनं निळ्या तारेवरून हाक मारली, "अण्णा, उठता का हो?"

सीटखाली हुंकार उमटला. मग चारी दारं गाऊ लागली. मिस्त्री हसून निघून गेला. टेप मात्र अंग चोरून ऐकत राहिला. गाणं त्याचंच होतं, पण गळा होता तो त्या काढून टाकलेल्या जुन्या टेपाच्या वेळचाच.