न्यायघराचं दार

खूप खूप वर्षांपूर्वी एक राज्य होतं. तिथल्या न्यायघराला चौकट होती, पण दार नव्हतं. कोणीही यावं, बसावं, ऐकावं. बायका वालाच्या शेंगा सोलत खटले ऐकायच्या. आणि तिथली एक रीत होती. निकाल लागला की ऐकणाऱ्यांपैकी कोणीही "का?" विचारायचं. न्यायाधीशांनी उत्तर दिल्याशिवाय शिक्षा लागू होत नसे.

न्यायाधीश वयस्कर होते, सज्जन होते. एका तांबटाची म्हातारी आई त्यांना रोज भंडावून सोडायची.

"का, बाबा? मला नाही कळलं. पुन्हा सांग."

ते हसून पुन्हा सांगायचे. सांगता सांगता कधी त्यांना स्वतःचीच चूक दिसायची आणि निकाल बदलायचा.

पुढे नवा राजा आला. त्याला हे "का?" टोचू लागलं. त्याने कोतवालाला पाठवलं.

"आत धूळ फार येते हो," कोतवाल म्हणाला. "महाराज दार बसवून देतायत. चांगलं सागवानी."

खरं कारण न्यायाधीशांना कळलं होतं. पण त्यांना वाटलं, दाराने काय होतंय? न्याय तर मीच करणार. ते म्हणाले, "बसवा."

दार बसलं, आणि पहिलाच आरोपी आला तो त्या म्हातारीचा मुलगा. राजाची मिरवणूक चालली असताना त्याने हातोडा थांबवला नव्हता.

"भांडं आकाराला येत होतं, मायबाप."

"तुझ्या ठोक्यांत महाराजांचा जयजयकार बुडाला. हे बंडच!" कोतवाल गरजला. मग न्यायाधीशांच्या कानाशी वाकून म्हणाला, "तुमच्या घरावरूनच जातो मी रोज. नातवंडं गोड आहेत."

न्यायाधीशांनी मान खाली घातली. "कैद."

तेवढ्यात दाराबाहेरून बारीक आवाज आला. "का?"

"गुरुजी, बाहेर कोणी बोललं का?" शेजारी बसलेल्या शिष्याने विचारलं.

न्यायाधीशांनी आवाज ओळखला होता. "वारा असेल," ते म्हणाले.

त्यानंतर निकाल भराभर लागू लागले. कोणी हसला म्हणून आत गेला, कोणी रडला म्हणून. न्यायाधीशांचं काम फार सोपं झालं.

मग राजाचा वाढदिवस आला. राजाचं भाषण लांबलं, आणि न्यायाधीशांना जांभई आली.

दुसऱ्या दिवशी ते आरोपीच्या जागी उभे होते. त्यांच्या आसनावर त्यांचा शिष्य होता.

"कैद," शिष्य नजर न उचलता म्हणाला.

"का?"

"तो हक्क ऐकणाऱ्यांचा, गुरुजी. आरोपीचा नाही. तुम्हीच शिकवलंत."

"मग ऐकणाऱ्यांना आत घ्या! उघडा ते दार!"

शिष्याने कोतवालाकडे पाहिलं. कोतवाल जागचा हलला नाही.

आणि मग सागवानापलीकडून तोच आवाज आला, थकलेला, पण तोच. "का, बाबा?" जिच्या मुलाला त्यांनी कैदेत टाकलं होतं, ती त्यांच्यासाठी विचारत होती.

"ऐकलंस?" न्यायाधीश ओरडले. "विचारतंय कोणीतरी! उत्तर दे!"

शिष्याचा चेहरा पांढरा पडला. "वारा असेल," तो पुटपुटला.

शिपायांनी त्यांना मागच्या वाटेने नेलं. कोठडीत तांबटाने सरकून त्यांना जागा करून दिली.

"आई अजून येते?" त्याने एवढंच विचारलं.

"येते," न्यायाधीश म्हणाले, आणि पहिल्यांदाच रडले.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दुसऱ्याच्या न्यायावर लावू दिलेलं दार आपल्या वेळी उघडत नाही.